मुखपत्र आणि मुखवटा : संग्रहालयाच्या नियतकालिकाची नवी मांडणी

(दिवेआगर इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी एक प्रश्नोत्तर दिलं आहे.)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, संग्रहालयाच्या अंकाच्या मांडणीवर बोलते. फोनवर जरा शांतता झाली. मग ते म्हणाले, "ताई, विषय चांगला आहे, पण तो मुंबईत बोलायचा ना? इथं सुपारीच्या वाडीत लोकांना त्याचं काय?" त्यांचा प्रश्न रास्त होता. आजचं सगळं बोलणं म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

मी पुस्तकं आणि अंक मांडते. अक्षर किती मोठं, समास किती, चित्र कुठं, त्याखालची ओळ कुठं, हे ठरवणं माझा धंदा. गेल्या काही वर्षांत या धंद्यात एक मागणी वाढली आहे. संस्था आपलं बोधचिन्ह बदलते, रंग ठरवते, अक्षरवळण ठरवते, आणि मग सांगते : आता आमचं मुखपत्रही या नव्या ओळखीला साजेसं करून द्या. याला ब्रँड आयडेंटिटी म्हणतात. बँका करतात, दूधसंघ करतात, तशी संग्रहालयंही करतात. करू नये असं मी म्हणणार नाही. पण संग्रहालयाच्या बाबतीत "ओळख" या शब्दाचा अर्थ जरा तपासून घ्यायला हवा, आणि तो तपासायला दिवेआगरइतकी चांगली जागा मला सुचली नाही.

तुमच्या गावाचा एक ताम्रपट आहे, शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. शं. गो. तुळपुळ्यांनी १९६३ साली 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हा ग्रंथ केला, त्यात तो आहे. मजकूर काय? कुठल्या राजाची दिग्विजयाची स्तुती नाही. गावातला सोन्याचा व्यवहार आहे आणि माणसांची नावं आहेत. त्यात एक घैसासही आहेत. साडेनऊशे वर्षांपूर्वीची माणसं आपल्याला नावानिशी माहीत आहेत, कारण कुणीतरी ती तांब्यावर नीट कोरली आणि पुढं कुणीतरी ती नीट छापली.

आता याच किनाऱ्यावर राज्य केलेल्या शिलाहारांचे राजेशाही ताम्रपट घ्या. त्यांची रचना मी मांडणीकाराच्या नजरेनं बघते. दोन किंवा तीन पत्रे असतात. कडा किंचित उचललेल्या, म्हणजे पत्र्यावर पत्रा घासला तरी अक्षर झिजू नये. पहिल्या पत्र्याची बाहेरची बाजू बहुधा कोरी सोडलेली, शेवटच्या पत्र्याचीही तशीच. मजकूर आतल्या बाजूंना सुरक्षित. पत्र्यांना भोक पाडून त्यातून कडी ओवलेली, आणि त्या कडीच्या सांध्यावर राजमुद्रा. शिलाहारांची मुद्रा गरुडाची. ते स्वतःला सुवर्णगरुडध्वज म्हणवत.

आजच्या भाषेत गरुड म्हणजे त्यांचं बोधचिन्ह. पण ते ठेवलंय कुठं, हे बघा. कडीवर. पत्र्यावर मजकूर आहे. मुद्रेचं काम दोनच : सगळे पत्रे एकत्र ठेवायचे आणि हे आमचंच आहे याची खातर द्यायची. गरुड उठून दिसावा म्हणून दानातल्या गावाची चतुःसीमा दोन ओळींनी कमी करा, असं कुठल्याही लेखकाला सांगितलं गेलं नसेल. चतुःसीमा गेली तर दानच गेलं.

मुद्रा कडीवर, मजकूर पत्र्यावर. एवढं लक्षात ठेवा, मग पुढचं सोपं आहे.

जरा बाहेरची उदाहरणं घेऊ. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचं बोधचिन्ह अॅलन फ्लेचर यांनी १९८९ मध्ये केलं. तीनच आकार, त्यातल्या 'ए' या अक्षराचा एक पाय काढून टाकलेला आणि मधल्या चिन्हानं तो भरून काढलेला. तीस वर्षांहून अधिक काळ ते टिकलंय, कारण ते कुठंही शांत बसतं. उलट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडं १९७१ पासून एक सुंदर 'एम' होता. लुका पाचोलीच्या सोळाव्या शतकातल्या ग्रंथातल्या लाकडी ठशावरून घेतलेला, म्हणजे जुन्या छपाईच्याच पोटातून आलेला. २०१६ मध्ये तो काढून नवं लाल चिन्ह आणलं, तेव्हा बरीच ओरड झाली. पण त्याच संस्थेचं 'बुलेटिन' १९०५ पासून निघतंय. चिन्हं आली, गेली. बुलेटिन ज्यांना लागतं त्यांना ते एखाद्या भांड्याची, चित्राची, हत्याराची माहिती कळावी म्हणून लागतं.

आणि माझं आवडतं उदाहरण अॅमस्टरडॅमचं. स्टेडेलिक संग्रहालयाचे विलेम सँडबर्ग. दुसरं महायुद्ध संपल्यावर ते संचालक झाले, आणि संस्थेची शेकडो माहितीपत्रकं, भित्तिपत्रकं त्यांनी स्वतः मांडली. युद्धानं नागवलेला देश, कागदाची चणचण. ते पुडके बांधायचा तपकिरी कागद वापरायचे, हातानं फाडलेल्या कागदाची अक्षरं करायचे. त्यांच्याकडं नियमावली नव्हती. एकेक प्रदर्शन, त्याचा एकेक अंक, असं करत करत लोक लांबूनच ओळखू लागले की हे स्टेडेलिकचं. अंकांतून ओळख तयार झाली. आपल्याकडं आता उलटं चाललंय : ओळख आधी तयार करून आणतात आणि अंक तिच्या मापाचा कापतात.

आता घरी येऊ. मुंबईत दोन मोठी संग्रहालयं, दोघांचीही नावं राजघराण्यातली होती. राणीच्या बागेतलं १८७२ साली लोकांसाठी उघडलं ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, म्हणजे लंडनवाल्याचंच नाव. १९७५ मध्ये ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय झालं. नाव किती योग्य बघा. भाऊ दाजी वैद्य तर होतेच, पण शिलालेख आणि ताम्रपट वाचणाऱ्या आपल्या पहिल्या पिढीतले होते. दुसरं, १९२२ साली सुरू झालेलं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. आज ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. नाव बदललं याचा आनंदच आहे. पण रोजच्या व्यवहारात ते नाव कसं उच्चारलं जातं? सी एस एम व्ही एस. मराठी नाव घेतलं आणि लगेच त्याची पाच इंग्रजी आद्याक्षरं झाली. यात एका संस्थेचा दोष नाही, बोरीबंदरच्या स्टेशनचंही तेच झालं. आपण नाव मराठी ठेवतो आणि ओळख इंग्रजीत घडवतो, ही आपल्या सगळ्यांची सवय आहे.

त्याच संग्रहालयाचं 'बुलेटिन' १९५० च्या आसपास सुरू झालं. संचालक होते डॉ. मोतीचंद्र. अंक इंग्रजीत, अनियमित. मुखपृष्ठावर एक साल नसायचं, जोडसालं असायची. सहावा अंक १९५७-५९ चा, त्यात मोतीचंद्रांचा प्राचीन भारतीय हस्तिदंती वस्तूंवरचा दीर्घ लेख आहे. आजच्या कुठल्याही ब्रँड सल्लागाराला हे अंक दाखवले तर तो कपाळाला हात लावेल. पण जगात कुठंही या विषयावर काम करणारा माणूस आजही त्या अंकाचा क्रमांक देतो. म्हणजे अंकानं आपलं काम केलं.

मी जुन्याची पूजा करायला आलेली नाही, हेही सांगते. त्या काळच्या अंकांत एक मोठी अडचण असायची. खिळ्यांची छपाई होती, फोटोसाठी वेगळे ब्लॉक आणि वेगळा गुळगुळीत कागद लागायचा. म्हणून मजकूर पुढं आणि छायाचित्रं शेवटी एकगठ्ठा. वाचणाऱ्यानं एक बोट मजकुरात आणि एक बोट शेवटच्या पानांत ठेवून वाचायचं. ऑफसेट आल्यावर ही सक्ती संपली. चित्र मजकुराशेजारी आणणं, वस्तूचं माप देणं, समोरून आणि मागून दोन्ही बाजू दाखवणं, ही खरी पुनर्मांडणी. यानं वाचणाऱ्याचं काम हलकं होतं.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिकही असंच. १९१० साली राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांनी मंडळ स्थापलं. त्रैमासिकाचा कुठलाही जुना अंक उघडा. देखणेपणाचं नाव नाही. पण कागद छापलाय तर तो कुणाच्या दप्तरातला, कुठं मिळाला, हे सांगितलेलं असतं. तीच मंडळाची ओळख. तिला वेगळा रंग लावावा लागला नाही.

आता माझी गोष्ट. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी आहे.

काही वर्षांपूर्वी एका संग्रहालयाचं षण्मासिक माझ्याकडं आलं. नवं बोधचिन्ह झालं होतं. सोबत चौऱ्याऐंशी पानांची नियमावली. पानाचे बारा उभे भाग, दोन रंग, चित्राखालची ओळ बारा शब्दांच्या आत. मला काम आवडलं. स्वच्छ, मोकळं, भरपूर पांढरी जागा. जुन्या अंकात शेवटी एक सदर असायचं, 'नव्याने दाखल वस्तू'. सहा पानं नुसती यादी. दाखल क्रमांक, वस्तू, माप, कुठल्या मौज्यातून आली, कुणी दिली. बारीक टाइप, चित्र नाही. ते बारा भागांच्या चौकटीत बसेना. मी सुचवलं, यादी काढू या, त्याऐवजी निवडक चार वस्तूंचे पानभर फोटो देऊ. संपादकांनाही पटलं. अंक निघाला. कौतुक झालं.

दोनेक महिन्यांनी एका वयस्कर गृहस्थांचं पत्र आलं. किनाऱ्यावरच्याच एका गावचे. त्यांच्या आजोबांच्या वाडीत विहीर खणताना एक भग्न विष्णुमूर्ती निघाली होती, ती त्यांनी संग्रहालयाला दिली होती. जुन्या एका अंकात ती नोंद होती, गावाच्या आणि आजोबांच्या नावासकट. तो अंक त्यांनी देवघरात जपून ठेवला होता. नव्या अंकात त्याच मूर्तीचा पानभर फोटो आला, आणि खाली ओळ : विष्णू, कोकण किनारा, बारावं शतक. बारा शब्दांच्या आत. त्यांनी लिहिलं होतं, "ताई, अंक देखणा झालाय. मूर्ती एवढी सुंदर आहे हे आम्हांलाही आत्ता कळलं. पण आमचं गाव कुठं गेलं?"

मला उत्तर सुचेना. संग्रहालयाची ओळख ठळक करायला मला बोलावलं होतं. ती करताना मी एका गावाची ओळख पुसली. वाईट हेतूनं नाही, चौकटीच्या सोयीसाठी. आणि वस्तू तर गावातून आलेली होती. तिथली माती, तिथली विहीर, शेजारी आणखी काय निघालं, हे सगळं तुटलं की मूर्ती फक्त सुंदर दगड उरतो. अभ्यासकही हेच सांगतो, गावकरीही हेच सांगतो. त्या दोघांचं एकमत ज्यावर आहे, तीच गोष्ट मी बारा शब्दांत बसत नाही म्हणून काढली.

दुसरी चूक लिपीची. त्या चौऱ्याऐंशी पानांत देवनागरीला दीड पान होतं. इंग्रजी अक्षरासाठी ठरवलेलं ओळींतलं अंतर देवनागरीलाही तसंच लावलेलं. इंग्रजीला चालतं. आपल्याकडं डोक्यावर मात्रा, रफार, वेलांट्या आणि खाली उकार. वरच्या ओळीतल्या 'मूर्ती'चा ऊकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. शिवाय फाँट हिंदी वळणाचा. राज्य शासनानं नोव्हेंबर २००९ मध्ये शासननिर्णय काढून मराठी वर्णमाला निश्चित केली, त्यात आपल्या 'ल' आणि 'श' यांची वळणं ठरवून दिली. संगणकाला मात्र मराठी 'ल' आणि हिंदी 'ल' यांचा संकेतांक एकच. मजकूर मराठी आहे हे फाँटला सांगावं लागतं, आणि फाँटमध्ये तशी सोय मुळात असावी लागते. नसेल तर मराठी संग्रहालयाचा मराठी अंक परक्या वळणात छापला जातो, आणि वाचणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही.

याहून साधी परीक्षा सांगते. दर्या आणि दऱ्या. एक तुमच्या समोरचा, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. नव्या फाँटमध्ये हे दोन शब्द वेगळे उमटतात का, ते बघा. उमटत नसतील तर तो फाँट कितीही देखणा असो, कोकणच्या संग्रहालयाच्या कामाचा नाही. आर. के. जोशी किंवा कमल शेडगे यांच्यासारखी अक्षरं जगलेली माणसं आपल्याकडं होऊन गेली, आज नवे तरुण उत्तम देवनागरी फाँट करताहेत. तेव्हा कारागीर नाहीत अशी सबब चालणार नाही. आपण देवनागरीला आधी बोलावत नाही, सगळं ठरल्यावर बोलावतो, हे खरं कारण आहे.

आता मी जो शब्द शीर्षकात घेतलाय, त्याकडं येते. इथं तो जपून उच्चारायला हवा.

नोव्हेंबर १९९७ मध्ये तुमच्या गावात सुपारीच्या वाडीत तांब्याची पेटी निघाली, तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा होता. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला. राखण करणाऱ्या दोघांचा जीव गेला. तपास लागला, सोनं बरंचसं मिळालं, पण वितळवलेलं. २०२१ मध्ये पुन्हा मुखवटा घडवून बसवला. हे मी तुम्हांला सांगावं असं नाही, तुम्ही ते सोसलंय.

मला त्यातून माझ्या कामापुरतं एक कळलं. चोराच्या लेखी सोनं म्हणजे वजन. घडणीची किंमत त्याला नव्हती. आपल्याला ठाऊक आहे की वजन तेवढंच परत आलं तरी गेलं ते गेलंच. म्हणजे रूप ही वरवरची गोष्ट नाही. कुणी म्हणेल, "मजकूर महत्त्वाचा, मांडणीचं काय एवढं", तर मी त्याच्याशी भांडेन. पण घडण कशाची, तर त्या सोन्याची. मी त्या षण्मासिकात उलटं केलं. घडण सुरेख केली आणि आतलं सोनं, ती सहा पानांची कंटाळवाणी यादी, बाहेर टाकली. आपल्या भाषेत संस्थेच्या अंकाला मुखपत्र म्हणतात. मुखानं बोलावं अशी अपेक्षा असते. ते नुसतं दिसायला लागलं की बोलणं थांबतं.

तर मग संग्रहालयानं करावं काय? नवं बोधचिन्ह जरूर करावं. अंकावर ते मुखपृष्ठाला एकदा आणि मलपृष्ठाला एकदा, कडीवरच्या गरुडासारखं. पण मांडणी ठरवताना सुरुवात अंकातल्या सगळ्यात रुक्ष पानापासून करावी. दाखल वस्तूंची यादी देखणी आणि वाचनीय करता आली, तर बाकीची पानं आपोआप होतील. तिथं चौकट तुटत असेल तर चौकट बदलावी. चित्राखालच्या ओळीला शब्दांची मर्यादा घालायची असेल तर घालावी, पण गावाचं नाव त्या मर्यादेबाहेर ठेवावं. आणि अंक छापायला जाण्याआधी एक प्रत ज्या गावातून वस्तू आली तिथं पाठवावी. तिथल्या माणसाला आपलं गाव सापडलं, तर अंक ओळखीला साजेसा झाला.

मी त्या गृहस्थांना पत्र लिहिलं, माफी मागितली. पुढच्या अंकात यादी परत आली, मागच्या अंकाची राहिलेलीही. चार पानफोटो गेले. नियमावलीच्या माणसांनी नाराजी कळवली. त्या गावी तो अंक कुठं ठेवला असेल, ते मला विचारावं लागलं नाही.

आता इथं मला काय काम, या प्रश्नाचं उत्तर मिळालं असेल. अंक मुंबईत मांडतात, पुण्यात छापतात. पण त्यात जे हरवतं ते इथलं असतं.

श्रोत्यांमधून प्रश्न : तुम्ही छापील अंकाचं बोललात. आमची मुलं सगळं मोबाइलवर बघतात. तिथं कसली यादी आणि कसली चौकट?

उत्तर : दादा, तिथं तर याची जास्त गरज आहे. मोबाइलच्या पडद्यावर आधी फोटो येतो, खालची ओळ कापली जाते. तीत पहिला शब्द कुठला ठेवायचा, हे कुणीतरी ठरवतंच. दुसरं, पुष्कळ संस्था अंकाचं पान नुसतं चित्र म्हणून चढवतात. दिसायला सुरेख, पण त्यातला शब्द शोधात सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्ये नीट टंकलेला असेल तरच सापडतो. आणि गावाची नावं लोक दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. तुमच्याच गावाचं बघा, कुणी 'दिवेआगर' एकत्र लिहितं, कुणी 'दिवे आगर' तोडून. दोन्ही नोंदवून ठेवायला हवीत. उद्या तुमच्या नातवानं फोनवर गावाचं नाव घातलं, तर समुद्र आणि खोल्यांचे दर येतीलच. त्यांच्याबरोबर शके ९८२ चा ताम्रपटही यावा. तो आला नाही, तर संग्रहालयानं रंग कुठला निवडला होता, हे कुणाच्या लक्षात राहणार?